एएफ निघालंय, अ‍ॅब्लेशनची तारीख दिवाळीनंतरची. मधले दिवस कसे काढायचे?

भांडुपवाला

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचक असतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

वय ५८, राहायला भांडुप पश्चिम, नोकरी फोर्टात. बीपीची गोळी जुनी, साखर नाही. वर्षभर मधूनच छातीत फडफड व्हायची, थोड्या वेळात थांबायची. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी एकदम शहाणा. शेवटी होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी टिपणारं यंत्र) लावला आणि चोर सापडला: एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडणं), येऊन-जाऊन असणारं. इको बरा आहे, डावा वरचा कप्पा किंचित मोठा. थायरॉइड ठीक. गोळ्या घेऊनही झटके येतात म्हणून ईपी (हृदयाच्या ठोक्यांच्या) डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशन सुचवलं, म्हणजे नळी घालून हृदयातली बिघडलेली जागा निकामी करणं. त्यात विमा कंपनीने 'आजार आधीपासूनचा' म्हणून फाइल अडकवली. डॉक्टरांची पुढची मोकळी तारीख दिवाळीनंतरची.

सध्या मेटोप्रोलॉल (ठोक्यांचा वेग आवरायला) आणि दोन वेळा अपिक्साबान (रक्त पातळ ठेवायला) चालू आहे. गोळ्यांचं डॉक्टर बघतील. मला विचारायचंय ते रोजच्या राहण्याबद्दल. परवा संध्याकाळच्या स्लोमध्ये दादर सुटलं आणि सुरू झालं. दोन्ही हात वर, हलायला जागा नाही. कुर्ल्याला लोंढ्याबरोबर बाहेर पडलो आणि बाकावर बसलो. मनगटावरचं घड्याळ १४२ दाखवतंय, लगेच ९८, मग १३१. आकडे बघूनच घाम फुटला. बऱ्याच वेळाने आपोआप थांबलं. घरी सांगितल्यापासून बायको ऑफिसला सोडायला तयार नाही.

झटका आला की नेमकं करायचं काय? इस्पितळात कधी पळायचं? चहा, चालणं, लोकल, यातलं काय बंद? ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी लिहा.

शेवंती_मुलुंड

माझं अ‍ॅब्लेशन होऊन गेलंय, त्याआधी मीही अशीच तारखेकडे डोळे लावून होते. दोन गोष्टी सांगते.

पहिलं, त्या घड्याळाच्या आकड्यांशी भांडू नका. एएफमध्ये ठोके वेडेवाकडेच पडतात, त्यामुळे काही सेकंदांचा हिशोब दाखवणारं कुठलंही यंत्र असेच आकडे फेकणार. बसा, मनगटावर तीन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, इथे ते चालत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही फसवतो. काही ठोके इतके दुबळे असतात की ते बोटापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून हृदयाचा खरा वेग त्यापेक्षा जास्त असू शकतो.

दुसरं, वही. किती वाजता सुरू झालं, किती वेळ टिकलं, नाडी किती, आदल्या रात्री झोप कशी, पोट कसं. माझ्या वहीवरून कळलं की बरेचसे झटके रात्री जड जेवून लगेच आडवं झाल्यावर यायचे. जेवण साडेसातला आणल्यावर फरक पडला. तुमचं कारण वेगळं असेल, पण ते वहीतच सापडेल.

नऊबावन्नची_स्लो

बीपी मशीनचंही तेच. आमच्या सासूबाईंना एएफ आहे. मशीनच्या पडद्यावर हृदयाचं चिन्ह लुकलुकतं आणि वरचा आकडा एकदा १५६, दोन मिनिटांनी १२८. सुरुवातीला मशीन बदलून आणलं, तेही तसंच! मग फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं की पाच मिनिटं शांत बसवून लागोपाठ तीनदा घ्या आणि सरासरी लिहा. एका आकड्यावरून गोळी वाढवायची नाही की कमी करायची नाही.

कटिंग_मारके

भाऊ, सोपा उपाय आहे. मला १८०-१९० ला धडधड सुरू व्हायची. नाक दाबून, श्वास रोखून पोटात जोर द्यायचा, किंवा बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायचं. खटकन बंद. लाइट गेल्यासारखं. कितीतरी वेळा करून बघितलंय. गोळीबिळी काही नाही.

साधा_फिजिशियन

कटिंग, तुमचा आजार वेगळा आहे. एका क्षणात सुरू, एका क्षणात बंद आणि ठोके वेगवान पण एकसारखे, हे पीएसव्हीटी नावाच्या धडधडीचं लक्षण. त्यात विजेचा प्रवाह एव्ही नोडमधून (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला विजेचा नाका) गोल फिरत असतो. जोर दिल्याने व्हेगस नर्व्ह (हृदयाचा वेग कमी करणारी नस) तो नोड क्षणभर अडवते आणि चक्र तुटतं. त्यासाठी २०१५ साली तपासलेली सुधारित पद्धत जास्त चांगली: अर्धवट बसून १५ सेकंद जोर लावायचा, मग लगेच आडवं होऊन कुणीतरी दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायचे. मानेची नस दाबण्याचा प्रकार मात्र घरी कुणीही करू नये, विशेषतः पन्नाशीनंतर.

एएफमध्ये यातलं काही लागू पडत नाही. तिथे एक चक्र नसतंच. वरचे कप्पे मिनिटाला ३०० ते ६०० वेळा नुसते थरथरतात आणि एव्ही नोड त्यातले जमतील तेवढे खाली सोडतो. जोर लावून वेग क्षणभर कमी होईल, एएफ जाणार नाही.

भांडुपवाले, आता तुमच्याबद्दल. तुम्ही धडधडीला घाबरताय, ते साहजिक आहे. पण या मधल्या काळात ज्याला खरं जपायचं ते धडधडत नाही. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. कप्पा नीट आकुंचन पावत नाही तेव्हा तिथे रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती सुटली तर मेंदूकडे जाते. एएफमध्ये स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट असतो, झटका जाणवो वा न जाणवो. म्हणून तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे अपिक्साबानचा एकही डोस न चुकवणं. तिचा असर बारा तासांच्या आसपास निम्म्यावर येतो, म्हणून ती दोन वेळा. सकाळी लोकल पकडायच्या घाईत राहिली तर आठवल्याबरोबर घ्या. रात्री 'राहिलेली आणि आत्ताची' अशा दोन एकदम घेऊ नका. अ‍ॅब्लेशनच्या आधीचे किमान तीन आठवडे ती अखंड हवी असते. त्यात खंड पडला तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. ते अन्ननलिकेतून इको करून आत गुठळी नाही ना ते पाहतील.

आणि १४२ आकड्याबद्दल: झटक्यात आणि गर्दीत उभ्याने तेवढा वेग होतो. बसून, शांत झाल्यावर किती राहतो ते बघायचं. हॉलंडमधल्या २०१० च्या अभ्यासात विश्रांतीचा वेग ११० च्या खाली ठेवलेल्यांचं, ८० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा वाईट काही झालं नाही. तुमच्यासाठी कुठला आकडा, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

भांडुपवाला

डॉक्टर, फार आभार. हे इतकं सविस्तर ओपीडीत विचारायला वेळच मिळत नाही, मागे रांग असते. एक शंका: बाबांना एकेकाळी अ‍ॅस्पिरिन दिली होती 'रक्त पातळ व्हायला'. ती घरात आहे. अपिक्साबान संपली तर दोन दिवस ती चालेल का?

साधा_फिजिशियन

नाही. एएफमधल्या गुठळीवर अ‍ॅस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढवते. पंधरा दिवसांचा साठा कायम घरात ठेवा. तसंच गुडघा-कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी सांगा, गोळी परस्पर बंद करू नका.

आईची_लेक

माझी आई ६३ वर्षांची, लहानपणी सांधेतापाचा आजार झाल्यामुळे मायट्रल झडप अरुंद, त्यातून एएफ. झडपेच्या ऑपरेशनसाठी एका मोठ्या सरकारी इस्पितळात नंबर लावलाय. तिला अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ करणारी जुनी गोळी) चालू आहे आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २ ते ३ मध्ये ठेवायचा आहे. शेजारच्या काकांना नवीन गोळी आहे, रक्त तपासायची कटकट नाही, म्हणून आई रोज भुणभुण करते की मला ती का नाही.

आयएनआर बिघडू नये म्हणून आम्ही आईची पालेभाजी बंद केली होती. पण मग वजन-अशक्तपणाचा प्रश्न आला.

साधा_फिजिशियन

अरुंद मायट्रल झडप असलेल्या एएफमध्ये जुनीच गोळी चांगली. सांधेतापातून हृदय बिघडलेल्या रुग्णांवर रिव्हारोक्साबान या नवीन गोळीची जुन्यांशी तुलना करून झाली, २०२२ साली निकाल आला, आणि त्यात जुन्या प्रकारच्या गोळ्यांवरच्या रुग्णांत मृत्यू कमी झाले. आईंना हे सांगा, कटकट कशासाठी ते कळलं की माणूस तपासणीला जातो.

पालेभाजी बंद करायची गरज नाही. मेथी, पालक, अळू यांतल्या व्हिटॅमिन केमुळे आयएनआर उतरतो. पण रोज थोडी थोडी खाल्ली तर गोळीचा डोस त्याप्रमाणे बसवता येतो. घोळ होतो तो आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी अळूचं फदफदं दोन वाट्या, अशा खाण्याने. नवीन अँटिबायोटिक सुरू झालं तर तीन-चार दिवसांत आयएनआर बघा.

नऊबावन्नची_स्लो

गोळ्यांवरून आठवलं. सासूबाईंना डाबिगाट्रान आहे, तीही रक्त पातळ करणारीच. मी मोठ्या कौतुकाने आठवड्याची खणांची डबी आणली होती. केमिस्टने बघितलं आणि ओरडलाच. ती कॅप्सूल ओल धरते, मूळ पाकिटातूनच घ्यायच्या वेळी काढायची, उघडून पाण्यातही मिसळायची नाही. आमच्या घरी जून ते सप्टेंबर मीठ पाणी सोडतं, त्यात ही कॅप्सूल डबीत काय राहणार! बाकीच्या गोळ्या डबीत, ही वेगळी.

रिव्हारोक्साबानवाल्यांनो, ती १५ किंवा २० ची गोळी जेवणासोबतच घ्या. रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. आमच्या मजल्यावरचे आजोबा एकादशीला नुसतं पाणी पिऊन ती घेत होते.

वैद्यांचा_नातू

इतकी चर्चा झाली, अर्जुनाचं नाव कुणीच काढलं नाही. अर्जुनसालीचा काढा दुधातून सकाळ-संध्याकाळ. हृदयाला यापेक्षा मोठं बळ नाही. सोबत ज्येष्ठमध. आजोबा हेच द्यायचे, एकही पेशंट सुईखाली गेला नाही.

शेवंती_मुलुंड

नातू, तुमच्या आजोबांकडे होल्टर नव्हता, त्यामुळे किती जणांना एएफ होतं ते त्यांनाही कळायला मार्ग नव्हता. राग मानू नका.

साधा_फिजिशियन

अर्जुनाचा हृदयावर आणि बीपीवर परिणाम होऊ शकतो, आणि म्हणूनच मेटोप्रोलॉलवर असलेल्या माणसाने तो मनाने सुरू करू नये. घ्यायचाच असेल तर तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाला सांगून. ज्येष्ठमधाला मात्र सरळ नाही म्हणेन. जास्त दिवस घेतल्यास पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, आणि पोटॅशियम उतरणं एएफच्या रुग्णाला परवडत नाही. लसूण-हळद भाजीतली खुशाल खा. त्यांच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर नकोत.

पोटॅशियम उतरू नये म्हणूनच जुलाब-उलट्या हलक्यात घेऊ नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम गाळून कोरडं पडणंही तसंच. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर जास्तच जपा.

वैद्यांचा_नातू

ज्येष्ठमधाचं माहीत नव्हतं. ते मागे घेतो. अर्जुनावर ठाम.

कटिंग_मारके

माझ्या आयडीला स्मरून विचारतो, चहाचं काय?

साधा_फिजिशियन

चहा-कॉफी सरसकट बंद करायला सांगण्याचा जमाना गेला. २०२५ मध्ये आलेल्या एका चाचणीत, शॉक देऊन ठोके पूर्ववत केलेल्या रुग्णांपैकी रोज कपभर कॉफी पिणाऱ्यांना एएफ कमी वेळा परतलं, कॉफी सोडलेल्यांना जास्त. याचा अर्थ औषध म्हणून प्या असा नाही. वहीत चहा आणि झटका यांची जोडी दिसली तर कमी करा, नाहीतर दोन कप सुखाने घ्या.

दारूचं तसं नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या अभ्यासात नियमित पिणाऱ्यांनी सोडल्यावर एएफ उघड कमी झालं. तारखेपर्यंत शून्य ठेवा.

आणि एक प्रश्न वहिनींना विचारून उत्तर द्या: तुम्ही घोरता का? मध्येच श्वास अडकून दचकता का?

भांडुपवाला

बायको बाजूलाच बसून वाचतेय. तिचं उत्तर: "भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडालाही विचारा." श्वास अडकतो असंही म्हणतेय, हे मला आजच कळतंय. वजन ८९, उंची पाच फूट सहा.

साधा_फिजिशियन

मग हे दोन महिने फुकट नाहीत. झोपेत श्वास अडकणं हे एएफ टिकून राहण्याचं मोठं आणि हमखास दुर्लक्षित कारण आहे. त्यावर इलाज न करता अ‍ॅब्लेशन केलं तर एएफ परतण्याची शक्यता वाढते. घरी यंत्र लावून झोपेची तपासणी होते, डॉक्टरांना आजच मेसेज करा. वजनाचंही तसंच. अ‍ॅडलेडच्या २०१५ च्या अभ्यासात ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांचं एएफ इतरांच्या तुलनेत फार कमी झालं. तुमच्यासाठी नऊ किलो. दिवाळीपर्यंत तीन-चार झाले तरी चांगली सुरुवात.

चालणं बंद करू नका. झटका नसताना सपाटीवर, बोलता येईल इतक्या वेगाने.

परळचा_पाहुणा

पैशाच्या बाजूचं लिहितो, कारण त्यावर कुणी बोलत नाही. मी रुग्णांना कागदपत्रांत मदत करतो.

भांडुपवाले, पॉलिसी सलग किती वर्षांची आहे? पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर 'तुम्ही आजार लपवला' या कारणावरून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. २०२४ पासून हा नियम आठऐवजी पाच वर्षांचा आहे. आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदतही आता जास्तीत जास्त तीन वर्षं. कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, नकाराचं कारण लेखी मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्याला वकील लागत नाही, फी नाही.

आईची लेक, तुमच्यासाठी: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, तुमचं ऑपरेशन यादीत बसतं का ते तो सांगेल. आणि मुंबईत धर्मादाय इस्पितळं पुष्कळ आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. काउंटरवर विचारलं तर 'खाट नाही' ऐकू येतं. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, तहसीलच्या फेऱ्यांत वेळ जातो.

भांडुपवाला

पॉलिसी सातव्या वर्षात आहे!! एजंटाने हे सांगितलं नव्हतं. पत्र लिहायला घेतो.

एक राहिलं: पळायचं कधी? कुर्ल्याच्या बाकावर हाच प्रश्न होता.

साधा_फिजिशियन

नेहमीसारखा झटका असेल, छातीत दुखत नसेल, धाप नसेल, भान शाबूत असेल तर बसा, पाणी प्या, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं करा. काहींना झटका आला तरच घ्यायची, खिशात ठेवायची गोळी देतात, पण तिचा पहिला डोस बहुधा इस्पितळात, देखरेखीखाली द्यायचा असतो. दुसऱ्याची बघून घेऊ नका.

छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बसल्या जागी धाप लागली, किंवा विश्रांतीतही वेग डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या वर टिकून राहिला, तर इस्पितळ. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात खाली पडायला लागला, बोलणं अडखळलं, तर घरी पाच मिनिटंही थांबायचं नाही. १०८ लावा किंवा सरळ टॅक्सीत घाला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी शेवटची किती वाजता घेतली, हे तिथे पहिल्यांदा सांगा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर असतो. डोकं आपटलं तर बरं वाटत असलं तरी दाखवा. शी डांबरासारखी काळी झाली तरी.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: आजार, गोळ्या, डोसाच्या वेळा, घरचा नंबर. गर्दीत तुम्हाला बोलता येईलच असं नाही.

शेवंती_मुलुंड

आणि लोकल सोडू नका हो, वेळ बदला. मी ऑफिसात बोलून तास पुढे-मागे करून घेतला होता. भांडुपला चढून उलट्या दिशेने ठाण्याला जायचं आणि तिथून सुटणाऱ्या स्लोमध्ये बसून यायचं, हे तर आमच्याकडचे धडधाकट लोकही करतात.

अ‍ॅब्लेशनबद्दल थोडं, पुढे विचारालच: जांघेतून नळी घालतात, नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. मला तेच जास्त जड गेलं. पहिले दोन-तीन महिने मधूनमधून धडधड होऊ शकते, त्याला अपयश मानत नाहीत. आणि रक्त पातळ करणारी गोळी लगेच बंद होत नाही.

साधा_फिजिशियन

बरोबर. किमान दोन महिने तरी चालू राहते. त्यानंतर बंद करायची की नाही हे ठोके नीट झाले का यावर ठरत नाही. वय, बीपी, मधुमेह, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा विकार, आधीचा स्ट्रोक यांचे गुण मोजून ठरतं. भांडुपवाल्यांना आज बीपीचा एक गुण आहे, ६५ झाल्यावर आणखी एक जोडला जाईल.

भांडुपवाला

सगळ्यांचे आभार. विमा कंपनीला पत्र आणि ईमेल दोन्ही गेले. झोपेच्या तपासणीचं यंत्र शनिवारी घरी येतंय, डॉक्टरांनी मेसेजवरच हो म्हटलं. ऑफिसात साडेअकराची वेळ मिळाली, आणि बायकोने चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लिहून पाकिटात आणि मोबाइलच्या कव्हरमागे अशा दोन जागी घातलीय. तपासणीचा रिपोर्ट आला की आकडे इथेच टाकतो.